हलणारा प्रत्येक ठिपका लघुग्रह नसतो

आजचा दिवस लघुग्रहशोधाचे फोटो तपासण्यात गेला. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

सुरुवातीला स्वतःची दुर्बीण लागत नाही. आयएएससी या लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात नाव नोंदवलं की हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मोफत मिळतात. ते ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, ताऱ्यांच्या कॅटलॉगशी जुळवायचे आणि ब्लिंक करायचे, म्हणजे एकाच भागाचे फोटो झटपट एकामागून एक दाखवायचे. तारे स्थिर राहतात, लघुग्रह सरकतो. त्याआधी ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांची फाइल ताजी करा, नाहीतर जुनाच लघुग्रह नवा वाटतो!

खरी कसोटी पुढे आहे. ठिपका सगळ्या फोटोंत सरळ रेषेत, सारख्या वेगाने जायला हवा आणि तेज साधारण तेवढंच हवं. क्लिक केल्यावर प्रकाशाचा आलेख दिसतो, तो घंटेसारखा उतरता हवा. एकाच पिक्सेलचा टोकदार सुळका दिसला तर तो हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातला सदोष पिक्सेल) किंवा कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण. सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ठिपका पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा किती ठळक आहे ते) ५ च्या खाली असेल तर माझ्या मते तो नोंदवायचा मोह टाळावा.

पृथ्वीजवळचा लघुग्रह बऱ्याचदा मंगळ आणि गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहांपेक्षा वेगळ्या दिशेने किंवा जास्त वेगाने जातो. फार वेगवान असेल तर ठिपक्याऐवजी रेघ उमटते. स्वतःच्या दुर्बिणीने टिपताना म्हणूनच एक्स्पोजर लहान ठेवा आणि फोटो लघुग्रहाच्या गतीनुसार सरकवून एकावर एक रचा. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून आधी जुळवाच: मिनिटाला ६० आर्कसेकंद (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकणाऱ्या लघुग्रहाची जागा १ सेकंदाच्या चुकीने १ आर्कसेकंद चुकते, आणि लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवलेलं मोजमाप कक्षेत बसत नाही.