कोकणकड्यावरची दोन मिनिटं

हरिश्चंद्रगडावर आमची ती तिसरी सकाळ, आधीच्या दोन वाया गेलेल्या. पहिल्या दिवशी धुकं इतकं वर आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना, दुसऱ्या दिवशी दरी लख्ख, खाली कोकणातली शेतं मोजून घ्यावीत अशी, म्हणजे दोन्ही दिवस आमच्या कामाचे नाहीत. आम्हाला पाहिजे होतं इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, त्याला ऊन पाठीशी लागतं आणि धुकं समोर पण आपल्यापेक्षा खाली, आणि कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे हे जमायचं तर सकाळीच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते इथे दिसल्याची १८३५ सालची नोंद आहे. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं की हे व्हीआरमध्येच, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून चारी बाजूंना बघता येईल असंच करायचं, कारण फोटोत ते नुसतं रंगीत कडं वाटतं, कड्याच्या टोकावर पोटात जो गोळा येतो तो फोटोत येत नाही.

३६० अंशांचं शूटिंग ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते, या कॅमेऱ्याला मागची बाजूच नसते. पुढे एक फुगीर लेन्स, मागे एक, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू केलं की सगळ्यांनी पळायचं आणि लपायचं. जंगलात झाडामागे जाता येतं, पण कड्याजवळ नुसता उघडा कातळ आणि सोनकीची पिवळी फुलं, मग आम्ही तिघं तीसेक पावलांवर एका खडकामागे पालथे पडलो. जाड पायांचा ट्रायपॉड चालत नाही, तो खालची सगळी फ्रेम खातो, म्हणून काठीसारखा बारीक स्टँड लावलेला, आणि कोकणकड्याचा वारा तर खालून वर येतो, हलकं काही टाकलं की परत आपल्याच अंगावर. पायांवर दगड रचत होते तेवढ्यात मामा म्हणाले, "ताई, दगडाचा काय भरवसा, मी धरतो दोर."

मामा गडाच्या पायथ्याच्या पाचनईचे. बॅटऱ्यांची पेटी तीन दिवस त्यांच्याच डोक्यावर होती. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी स्टँडला दोर बांधला, दोन वेढे मनगटाला घेतले आणि कडा बघायला सगळे पडतात तसे पोटावर पडले, डोकं टोकाशी. म्हटलं ठीक आहे, एडिटमध्ये खालचा भाग नाहीतरी पुसायचाच असतो.

सव्वाआठच्या सुमारास तारामती शिखराच्या बाजूने ऊन चांगलं आलं आणि खालून धुकं चढायला लागलं. मी दोन्ही लेन्स पुसल्या, कारण फुगीर काचेवरचा एक थेंब हेडसेटमध्ये डोळ्यासमोर भोपळ्याएवढा होतो, दोन्हीकडचं एक्स्पोजर एकसारखं लॉक केलं, नाहीतर एका लेन्सवर सूर्य आणि दुसरीवर पांढरं धुकं असताना दोन्ही चित्रं जोडल्यावर मधे शिवण दिसते. रेकॉर्डिंग चालू केलं आणि पळत खडकामागे. मोबाइलवर धुकं, धुकं, नुसतं धुकं, आणि मग एक छोटासा डाग आणि त्याभोवती रंगाची पुसट रेघ. मामांनी मोकळा हात हळूच वर केला, बोलले नाहीत, आवाज रेकॉर्ड होतोय हे त्यांना माहीत होतं. दोन मिनिटांनी धुकं वर आलं आणि सगळं पांढरं झालं.

म्हणजे मी इंद्रवज्र डोळ्यांनी बघितलंच नाही. खडकामागून दरी दिसतच नव्हती.

एडिटला बसल्यावर आणखी जीव गेला. ८के म्हणजे आडवे ७६८० पिक्सेल, पण ते पूर्ण गोलात वाटले की एका अंशाला एकवीसच येतात, आणि ते वर्तुळ तर जेमतेम दहा-बारा अंशांचं. तरी होतं, लाल रंग बाहेर, आणि बरोबर मधोमध काठीची सावली, टोकाला कॅमेऱ्याचा गोळा. इंद्रवज्र ज्याचं त्याला दिसतं, ज्याच्या डोळ्यात ते उमटतं त्याच्याच सावलीभोवती असतं, इथे डोळा कॅमेऱ्याचा होता. स्टँडची सावली पुसायला मी नकार दिला, त्यावरून वाद झाला, मी मागे हटले नाही. खाली पडलेले मामा मात्र नेहमीच्या सवयीने पुसले, त्या जागी कातळाचा तुकडा चिकटवला. वीस मिनिटांचं काम.

दिवाळीनंतर हेडसेट घेऊन पाचनईला गेले. मामा ओट्यावर बसले, पट्टा आवळून दिला. बराच वेळ समोर बघत राहिले. "काठीभवती हाय," म्हणाले, "मला तर माझ्या डोक्याभवती दिसलं व्हतं." मी तेच समजावत होते तेवढ्यात क्लिपमध्ये कोणीतरी खोकलं. कॅमेऱ्याखालचा माइक चारी बाजूंचा आवाज दिशेसकट घेतो, त्यामुळे खोकला खालून आला, अगदी पायापासून, आणि मामांनी मान खाली घातली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हात पुढे करून हवेत चाचपलं.

"ताई, खोकला तर माझाच हाय. मग मी कुठंय?"

मला उत्तर देता येईना. तीन दिवस डोक्यावर ओझं वाहिलेला माणूस, ज्याच्या मनगटावर तो शॉट उभा होता, त्याला मी कातळाखाली गाडला होता आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं. मावशी दारातून म्हणाल्या, "ह्यांच्या मनगटाला दोराचा वळ चार दिस व्हता."

त्याच रात्री मूळ फाइल उघडली आणि कातळाचा तुकडा काढून टाकला. जोडणी तिथे थोडी वाकडी दिसते, मामांचा एक खांदा किंचित तुटल्यासारखा वाटतो, कारण कॅमेऱ्याच्या इतक्या जवळचं नीट जुळत नाही, तरी तसंच ठेवलंय. आता समोर इंद्रवज्र आणि खाली बघितलं की विटकी निळी बंडी, पसरलेले पाय, मनगटाला दोन वेढे आणि वर केलेला एक हात.