तुम्ही विचारलंत म्हणून: अफाट पसरलेलं शहर देखणं असतं का?

लेआउटचे नकाशे काढणाऱ्यांना सांगलीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘एनएला, म्हणजे जमीन बिगरशेती करून घ्यायला, किती दिवस लागतील?’ त्याचं उत्तर इथं नको. दुसरा येतो तो ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला स्थायिक झालीत त्यांच्याकडून: ‘एवढं अफाट पसरलेलं शहर, त्याला सुंदर म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?’ आणि लगेच त्याचं शेपूट: ‘आपलंही आता तसंच होणार ना?’ सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. विश्रामबागेच्या पुढं मिरजेकडं जाताना एक गाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं, हे आता पाट्या वाचूनच कळतं. तेव्हा प्रश्न रास्त आहे.

आमचं उत्तर ‘हो, असतं’ असं आहे. शहर नुसतं पसरल्यानं बिघडत नाही, तुकड्याला तुकडा न जोडता पसरलं की बिघडतं. वाकळ केवढीही असू दे, जुन्या लुगड्यांची असू दे, टाके सरळ गेले असले की दोरीवर वाळत घातलेलीसुद्धा बघत राहावी वाटते.

सगळं शहर एका नजरेत कुणालाच दिसत नाही. चालणारा माणूस दहा मिनिटांत ७००-८०० मीटर जातो आणि एका वेळी त्याला तेवढंच शहर भेटतं. त्यामुळं ‘मुंबई सुंदर आहे का’ यावर नुसता वाद घालता येतो, ‘हा पाऊण किलोमीटर कसा आहे’ हे मात्र टेप लावून सांगता येतं. आधी रस्त्याची रुंदी घ्या, मग कडेच्या घरांची उंची. गावभागातल्या जुन्या गल्लीत रुंदी चार-पाच मीटर आणि दोन्ही अंगांना सहा-सात मीटरची दुमजली घरं, म्हणजे दुपारचं ऊन जमिनीवर फार वेळ टिकत नाही आणि गल्ली घरातल्या सोप्यासारखी वाटते. आता शंभर फुटी रस्त्यावर या. रुंदी ३० मीटर, कडेला चार मीटरचे एकमजली गाळे. रुंदी उंचीच्या सातपट झाली. एवढ्या उघड्या जागेत नजरेला टेकायला काही मिळत नाही, म्हणून ती फ्लेक्सवर जाते. फ्लेक्सवाल्यांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. रुंदी उंचीच्या दुप्पट-तिप्पट असेपर्यंत रस्ता अंगासरशी राहतो. त्यापुढं गेला तर दोन्ही कडांना आठ-दहा मीटरवर एकेक मोठं झाड लावून ती उंची भरून काढावी लागते, दुसरा स्वस्त उपाय नाही.

मुंबईचा मरीन ड्राइव्ह याच हिशेबात बसतो. साधारण साडेतीन किलोमीटरचं वळण, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला जवळपास एकाच उंचीच्या इमारतींची रांग. इमारतींचे मालक वेगळे, सज्जे वेगळे, जिने वेगळे, पण भराव टाकून काढलेल्या प्लॉटवर उंचीचा आणि रेषेचा नियम एक. तिथल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात निम्मं श्रेय त्या नियमाचं आहे असं आम्ही मानतो. त्याच मुंबईत उड्डाणपूल लोकांच्या खिडकीला खेटून जातात, तेही खरंच. एवढ्या मोठ्या शहरात दोन्ही असणारच.

आता आपल्याकडचं. सांगलीत पसरणं म्हणजे गुंठेवारी, शेतजमिनीचे मंजुरीशिवाय पाडून विकलेले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एकरात ४० गुंठे. चौरस एकर धरला तर त्याची बाजू सुमारे २०९ फूट येते. रीतसर लेआउट केला आणि त्यात नऊ मीटरचे दोन रस्ते सोडले, तर रस्त्यांतच अकरा-साडेअकरा गुंठे जातात. वर दहा टक्के खुली जागा, म्हणजे चार गुंठे. विकायला उरतात चोवीस-पंचवीस. तेच रस्ते १५ फुटांचे ठेवले आणि खुल्या जागेला फाटा दिला, तर विकायला चौतीसच्या आसपास मिळतात. या नऊ-दहा गुंठ्यांत सगळी मेख आहे. घेणाऱ्याला गुंठा स्वस्तात मिळतो, देणाऱ्याला जास्तीचे पैसे मिळतात, आणि जे गेलं ते कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतं. असली बांधकामं नियमित करायला २००१ साली कायदा झाला, आणि पुढं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. कागद नियमित झाला, पण १५ फुटांचा रस्ता १५ फुटांचाच राहिला.

रुंदीपेक्षा वाईट गोष्ट बांधावर घडते. एका शेतकऱ्यानं पूर्व-पश्चिम रस्ते पाडले आणि ते त्याच्या बांधापाशी थांबले. शेजाऱ्यानं पाच वर्षांनी प्लॉट पाडले, त्याचे रस्ते २० फूट सरकलेले. दोन्हींच्या मध्ये कंपाउंडची भिंत. असे दहा गट झाले की शेजारच्या घरी जायला मुख्य रस्त्यावरून अर्ध्या किलोमीटरचा वळसा पडतो, शाळेची रिक्षा आणि पाण्याचा टँकर एकाच तोंडातून आत-बाहेर करतात. वस्ती गचाळ दिसते म्हणून लोक तिथल्या माणसांना नावं ठेवतात. माणसांनी घरं चांगली बांधलीत हो, चूक मोजणीच्या दिवशी झाली.

पाण्याचंही तेच. उघड्या गटाराला निदान ३०० ला १ असा उतार लागतो. म्हणजे ३०० मीटर गेल्यावर गटाराचा तळ एक मीटर खाली हवा आणि पुढं त्याला ओढा सापडायला हवा. कृष्णाकाठची जमीन ताटासारखी सपाट, त्यात ओढे बुजवलेले आणि रस्ते बांधाला अडलेले. पाणी जाणार कुठं? सांगलीच्या शामरावनगरातल्या कुणालाही पावसाळ्यात विचारा. त्यात जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. या हालचालीनं कंपाउंड कलतं, फरशी उचलते. काळी माती काढून घट्ट मुरुमापर्यंत जायचं, किंवा निदान मुरुमाचे १५-१५ सेंटीमीटरचे थर पाणी मारून रोलरनं दाबत वर यायचं, मग रस्ता. आणि मधोमध उंचवटा: नऊ मीटरच्या रस्त्याला मध्यभाग कडांपेक्षा साधारण ११ सेंटीमीटर वर. इथं होतं उलटंच. जुना थर न खरवडता त्यावर दर वेळी दोन इंच डांबर. चार वेळा झालं की आठ इंच. दीड फुटाचं जोतं बांधलेल्या घराचं दहा इंच उरतं. मग घरमालक उंबऱ्यासमोर सिमेंटचा बांध घालतो, शेजारी त्याहून उंच घालतो, आणि दारादारात वेगवेगळ्या उंचीचे उतार रस्त्यात येतात. तुम्हाला जे ‘बकाल’ दिसतं ते पुष्कळदा हे असतं.

याउलट बार्सिलोना. जुन्या गावाची तटबंदी पडली तेव्हा इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरनं १८५९ साली वाढीचा आराखडा दिला: सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस, मध्ये २० मीटरचे रस्ते, आणि प्रत्येक चौरसाचे कोपरे तिरके छाटलेले, म्हणजे चौकात उजेड येतो आणि वळणाऱ्याला समोरचा दिसतो. घरं नंतर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं बांधली. चौरसांच्या आत बागा ठेवायच्या होत्या, त्या बऱ्याच ठिकाणी बांधकामांनी गिळल्या, तरी रस्ते जुळलेले राहिले म्हणून शहर तगलं. एवढ्या लांब जायचं नसेल तर जयसिंगपूरला जा. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली ती पेठ, सरळ गल्ल्या, काटकोनात रस्ते, आणि गल्ल्यांना नुसते नंबर. जयसिंगपूरला सुंदर म्हणायची पद्धत नाही, पण नवखा माणूस तिथं चुकत नाही. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडं असेच रस्ते आधी आखले आणि प्लॉट मागाहून दिले. दादरच्या पारशी कॉलनीत तळमजल्यावर दोन मजले आणि रस्त्यागणिक वेगळी झाडं, आजही मे महिन्यात तिथून चालवतं.

पसरलेल्या शहराला थांबायची जागाही लागते. मुंबईच्या पोटात बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, ते नसतं तर उत्तरेकडं सलग काँक्रीट झालं असतं. सांगलीला ही जागा कृष्णेनं आयती दिलीय. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतली, वांगी, गवत, घाट एवढंच राहू द्यावं. पुराचं पाणी पसरायला जागा मिळते आणि शहराला एक मोकळी बाजू मिळते. मात्र तिथं भराव टाकून ‘रिव्हर व्ह्यू’ विकायला बरेच जण टपलेले असतात.

चौकातलं कारंजं, ‘आय लव्ह’ची रंगीत अक्षरं, विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या माळा यांवर आमचं मत विचारू नका. त्या पैशात फुटपाथ करा. अडथळा नसलेली रुंदी १.८ मीटर, उंची १५ सेंटीमीटरच्या आत. आपल्याकडं गाडी चढू नये म्हणून तो फूटभर उंच करतात, मग आजीबाईही चढत नाहीत आणि सगळे खालून चालतात. पेव्हर ब्लॉक वर्षात खचतात, कारण कडेचा दगड पक्का बसवलेला नसतो. वाळू पहिल्या पावसात कडेनं वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. झाडाच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी हवी. विजेच्या तारांखाली पिंपळ-करंज लावला की दर मे महिन्यात त्याची मधोमध छाटणी होऊन झाडाची गलोल होते. तिथं बहावा किंवा तामण लावावा. गुलमोहर दिसतो झकास, पण वादळात आधी तोच आडवा होतो. मुळं वरवर असतात त्याची.

कुपवाड आणि मिरजेच्या मधली शेतं अजून पुरती विकली गेलेली नाहीत. तिथं प्लॉट बघायला जाल तेव्हा मालकाला दर विचारण्याआधी विचारा, ‘हा रस्ता पुढं कुठं निघतो?’ ‘होणार आहे पुढं’ असं उत्तर आलं तर विकास आराखड्याचा भाग नकाशा, म्हणजे त्या जागेपुरता उतारा, मागा आणि शेजारच्या गटाच्या मंजूर लेआउटशेजारी धरून बघा. दोन्हीकडचे रस्ते बांधावर एकमेकांसमोर येतात का, एवढंच बघायचं. फूटपट्टी सोबत असू द्या. नकाशाच्या प्रमाणात २० फूट म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर असतात, नुसत्या डोळ्याला ते समोरासमोरच वाटतात.