जुन्या काळ्या फोनमध्ये आवाज बारीक येत असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या अनेक घरांत आणि जुन्या पेढ्यांवर गोल डायलचे काळे फोन अजून जपून ठेवलेले आहेत. त्यांतले बरेचसे बेंगळुरूला १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, ब्रिटिश धाटणीचे आहेत. दुरुस्तीसाठी ते माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: डायल टोन येतो, समोरच्याला आपले बोलणे नीट ऐकू जाते, पण आपल्याला मात्र त्याचा आवाज फार बारीक येतो. अशा वेळी पहिला संशय कानाकडच्या कॅप्सूलवर, म्हणजे हँडसेटमधल्या आवाज काढणाऱ्या गोल डबीवर, जातो आणि ती काढून नवी बसवावी असे वाटते. माझे मत याच्या उलट आहे. कॅप्सूल सहसा शाबूत असते, आवाज तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत गळत असतो. म्हणून शोध लाइनपासून सुरू करून कानापर्यंत यावे.

त्याच लाइनवर दुसरा चांगला फोन लावून ऐकावे. त्यावरही आवाज बारीकच असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे किंवा दुसऱ्या खोलीत समांतर जोडलेला एखादा फोन नीट ठेवलेला नाही. दुसऱ्या फोनवर आवाज खणखणीत असेल, तरच आपल्या फोनचा तळ उघडावा, आणि तोही लाइन काढल्यावरच, कारण घंटी वाजताना तारेवर साधारण ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह येतो व त्याचा झटका चांगलाच बसतो.

उघडण्यापूर्वी एक साधी परीक्षा मात्र अवश्य करावी. लाइन जोडलेली असताना बोलण्याच्या बाजूला हळू फुंकर मारून ती स्वतःच्या कानात कशी ऐकू येते ते पाहावे. फुंकर स्पष्ट ऐकू आली आणि समोरच्याचाच आवाज बारीक असला, तर कॅप्सूलला दोष देण्याचे कारण उरत नाही. दोन्ही बारीक असतील, तर हँडसेट तळहातावर हलकेच आपटून पुन्हा फुंकावे; मायक्रोफोनमधले कोळशाचे कण घट्ट बसले असतील तर ते मोकळे होतात, आणि येणारा आवाजही काही प्रमाणात त्याच वाटेने जात असल्यामुळे तोही थोडा सुधारतो.

आमच्याकडे खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत तर त्याहून अधिक, की रिसीव्हर ठेवायच्या दांड्याखालच्या संपर्कपट्ट्यांवर काळसर थर धरतो. त्या घासायला पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण टोकांवरचा चांगल्या धातूचा पातळ मुलामाच निघून जातो. जाड साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन टोकांच्या मध्ये धरावी, टोके बोटाने अलगद मिटवावीत आणि पट्टी ओढून घ्यावी. ती काळी होऊन बाहेर येते. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहावे.

डायलच्या मागच्या पट्ट्या याहून फसव्या असतात. नंबर फिरवताना कानात खटखट होऊ नये म्हणून डायल जागेवरून हलताच या पट्ट्या कॅप्सूलची दोन टोके एकमेकांना जोडून तिला गप्प करतात, आणि डायल परत आली की सुटतात. एखादी पट्टी वाकून किंवा मळ साचून पूर्ण सुटली नाही, तर बोलण्याचा बराचसा प्रवाह कॅप्सूलला टाळून तिथूनच निघून जातो. डायल स्थिर असताना त्या पट्ट्यांच्या मध्ये कोरडा कागद सरकवावा आणि लाइन पुन्हा जोडून ऐकावे. आवाज एकदम मोठा झाला, तर दोष सापडलाच. काही फोनमध्ये कानठळ्या बसू नयेत म्हणून कॅप्सूलला समांतर डायोड जोडलेले असतात. त्यांतला एखादा बिघडला की आवाज बारीक आणि फाटका येतो, म्हणून एक तार तात्पुरती सोडवून पाहावी.

आवाजाबरोबर घंटीही मंद झाली असेल, तर कपॅसिटरकडे, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागाकडे, वळावे. या जुन्या फोनांत साधारण दोन मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर बहुधा घंटी आणि बोलणे या दोन्ही कामांना वापरलेला असतो.

एवढे करूनही गुण आला नाही, तर मग कॅप्सूल. जुन्या प्रकारच्या कॅप्सूलमध्ये कायमचे चुंबक, त्याच्या टोकांवर तारेची वेटोळी आणि वर लोखंडाचा पातळ पडदा असतो. ते चुंबक नसते, तर प्रवाह कोणत्याही दिशेने वाहिला तरी पडदा आतच ओढला गेला असता, प्रत्येक कंपनाची दोन कंपने झाली असती आणि बोलणे ओळखू येईनासे झाले असते. पण त्याच चुंबकाला लोखंडाचा कण दिसला की तो चिकटतो. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कचेरीतला फोन मी उघडला, तेव्हा चुंबकाच्या दोन्ही टोकांवर दाढीच्या खुंटांसारखी बारीक लोखंडी धूळ उभी होती, आणि पडदा तिच्यावर टेकल्यामुळे त्याला हलायलाच जागा उरली नव्हती.

असा पडदा सरळ वर उचलू नये, तो वाकतो. बाजूला सरकवत काढावा आणि त्याची वरची बाजू लक्षात ठेवावी. धूळ चिकटपट्टीने टिपून घ्यावी, कोपऱ्यांत बांबूची काडी वापरावी, लोखंडी हत्यार जवळही आणू नये. त्या कारखान्याचा फोन एवढ्यानेच पूर्ववत झाला. चुंबकच क्षीण झाले असेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या फोनमधली कॅप्सूल शोधावी. आजच्या हेडफोनमधला स्पीकर त्या जागी बसवणे मला मान्य नाही, कारण तो त्या सर्किटला जुळत नाही आणि फोन त्याचा मूळ आवाज गमावतो.

अलीकडे अनेक घरांत तांब्याच्या तारेऐवजी फायबर आला आहे आणि फोन त्याच्या डबीला जोडला जातो. तिथे कानात येणारा आवाज किती मोठा असावा हे डबीच्या सेटिंगवरही अवलंबून असते. म्हणून फायबर आल्यानंतरच आवाज बारीक झाला असेल, तर फोनला हात लावण्याआधी ते सेटिंग वाढवून घ्यायला सांगावे.