काटा थांबत नव्हता

रस्त्याच्या पायाच्या थरासाठी पोलाद कारखान्यातून स्लॅग, म्हणजे पोलाद बनवताना उरणारी दगडासारखी मळी, आला, तेव्हा साइटवर सगळे खूश होते. काळपट, धारदार कोनांचे, नेहमीच्या खडीपेक्षा जड दगड. दगड ठोक्याने किती फुटतो ते पाहणारी आघात चाचणी आणि घासून किती झिजतो ते पाहणारी लॉस एंजेलिस घर्षण चाचणी, दोन्हींत माल सहज पास झाला. "मॅडम, असली खडी खाणीत मिळायची नाही," ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला. खरंच होतं ते.

मी अडून बसले होते फुगण्याच्या चाचणीसाठी. पोलाद शुद्ध करताना भट्टीत चुना टाकतात. त्यातला थोडा स्लॅगमध्ये मोकळाच राहतो आणि पुढे पाणी लागलं की फुलून जवळजवळ दुप्पट जागा घेतो. मोकळा मॅग्नेशियाही (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) फुगतो, पण त्याला वर्षं लागतात. म्हणून स्लॅग साच्यात ठोकून 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सात दिवस ठेवायचा आणि वरचा डायल गेज, म्हणजे माल किती फुगला ते काट्याने दाखवणारं मापक, रोज वाचायचा.

सातव्या दिवशी एका साच्याचा काटा स्थिर होता, दुसऱ्याचा अजून चढत होता. ढीग मात्र एकच! मी तडक ढिगाकडे गेले. एका बाजूचे दगड ऊनपावसात मुरलेले, दुसऱ्या बाजूच्या दगडांत फोडल्यावर पांढरे ठिपके, नखाने खरवडले तरी भुगा होणारे. जुन्या मालावर ताजा माल ओतला होता.

"रोलरने दाबल्यावर कुठे फुगणार?" इंजिनिअरने वाद घातला आणि सुरतच्या हजिऱ्यात 2022मध्ये झालेल्या स्लॅगच्या रस्त्याचा दाखला दिला. तिथला स्लॅग प्रक्रिया करून वापरलेला, हा तर भट्टीतून नुकताच निघालेला. आणि चुना फुगायला लागला की रोलरची दाबणी त्याला अडवत नाही. वरचं डांबर उचललं जातं, तडे जातात. मी ढीग नापास केला.

फेकून मात्र दिला नाही, आणि याचं मला फार समाधान आहे. डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हा माल वापरणं कधीही चांगलं, फक्त त्याला वेळ द्यायला हवा. ढीग पातळ पसरला, पाणी मारत राहिलो, अधूनमधून उलटवला. काही महिन्यांनी काटा जागचा हलेना, तेव्हा माल थरात गेला.

पुढे तोच स्लॅग डांबरी थरातही वापरायचं ठरलं. तिथे मी मिश्रणाचं प्रमाण वजनाऐवजी आकारमानावर धरायला लावलं, कारण या दगडाची घनता खाणीतल्या खडीहून बरीच जास्त असते.