जळगावात घराआधी वस्ती निवडताना

एप्रिलच्या अखेरीस माझी साताऱ्याहून जळगावच्या शाखेत बदली झाली आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी बिऱ्हाड हलवणे भाग पडले. घरात आम्ही दोघे, सातवीत जाणारा मुलगा, दुसरीत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना टाळणाऱ्या सासूबाई. भाड्याची घरे दाखवणाऱ्या एजंटाचा पहिला प्रश्न साहजिकच असा होता : ‘मॅडम, टू बीएचके की थ्री?’ मला मात्र खोल्यांच्या संख्येआधी एक वेगळी गोष्ट निश्चित करायची होती, ती म्हणजे शहराच्या कोणत्या भागात राहायचे.

त्याचे कारण जळगावच्या रचनेत आहे. या शहराला दोन मोठे रस्ते छेदतात, एक लोखंडाचा आणि एक डांबराचा. मुंबई–हावडा हा मुख्य लोहमार्ग शहरातून जातो आणि सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे येणारा फाटाही येथेच येऊन मिळतो, त्यामुळे गाड्यांची ये-जा दिवसरात्र चालू असते. दुसरा रस्ता म्हणजे पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. गुजरातेतून विदर्भाकडे जाणारी जड वाहने आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली अशा शहरातल्याच चौकांवरून धावत होती. काही ठिकाणी भुयारी मार्ग आहेत, रेल्वेवर पूलही आहेत. पण मोठ्या माणसाने दुचाकीवरून ओलांडायचा रस्ता वेगळा आणि सात वर्षांच्या मुलीने किंवा काठी घेतलेल्या आजीने ओलांडायचा रस्ता वेगळा. म्हणून आम्ही घरात एक नियम ठरवला : रोज महामार्ग ओलांडायचाच असेल तर तो मी ओलांडेन, मुले आणि सासूबाई नाहीत.

हा नियम ठरल्यावर शोधाचा क्रमच बदलला. आधी शाळा ठरवली आणि तिच्या बाजूच्याच वस्त्या विचारात घेतल्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना शासनाने २०२४ मध्ये दिली असल्यामुळे मुलीची शाळा उशिरा आणि मुलाची सकाळी सातला, असे दोन वेगळे फेरे रोज होणार होते. ज्या घरातून एकच फेरा करायचा असतो त्याला अंतराचे फारसे वाटत नाही. दोन मुलांच्या दोन वेळा सांभाळणाऱ्याला मात्र एक चौकसुद्धा जाणवतो. शाळा महामार्गाच्या दक्षिणेला होती आणि माझी शाखा उत्तरेला, तेव्हा शाखेच्या बाजूच्या रिंग रोड परिसरातले एक प्रशस्त, हवेशीर घर पाहून आम्हाला नाही म्हणावे लागले. एजंटाला त्याचे फार वाईट वाटले. दवाखाने, बाजार, स्टेशन सगळे जवळ असताना माणसे असे घर सोडतात कसे, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

मोहाडी रस्त्याच्या पलीकडे नव्याने पडलेल्या प्लॉटांवर स्वस्तात नवी रो हाऊसेस मिळत होती. मे महिन्यात तिथले रस्ते टणक आणि कोरडे दिसतात, हीच त्यातली गोम आहे. शहराभोवतीच्या अनेक नव्या वसाहती कालपरवापर्यंत कपाशीची शेते होती आणि खाली काळी माती आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे पाया नीट भरलेला नसेल तर कुंपणाच्या भिंतींना आणि ओट्यांना तडे जातात. शिवाय रस्ता कच्चा असेल तर मृगाच्या पहिल्या पावसातच दुचाकीच्या चाकात चिखल भरून ती जागेवर थांबते. आम्ही घरांपेक्षा कुंपणांकडे अधिक निरखून पाहू लागलो. ज्या गल्लीत जवळपास प्रत्येक कुंपण चिरलेले आहे तिथे पावसाळ्याबद्दल कोणाला विचारण्याची गरज उरत नाही. तरीही किराणा दुकानदाराला मी विचारलेच, ‘भाऊ, जुलैत इथे शाळेची व्हॅन दारापर्यंत येते का?’ तो हसून म्हणाला, ‘व्हॅन चौकापर्यंत येते, पुढे पोरं गमबूट घालून जातात.’

पाण्याची चौकशी तर खानदेशात घर घेताना सर्वांत आधी करावी असे माझे मत झाले आहे. जळगाव शहराला मुख्यतः वाघूर धरणातून पाणी मिळते, परंतु नळाला ते रोज येईल असे धरून चालता येत नाही. म्हणून ‘पाणी येते का?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘येते’ असेच मिळते. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, ती किती घरांत वाटलेली आहे, पाणी कोणत्या वेळी सुटते आणि त्या वेळी घरात कोणी असावे लागते का, हे विचारावे लागते. मे महिन्यात येथील पारा सहज ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी कूलरशिवाय बसता येत नाही; कूलरलाही पाणी लागते, हा हिशेब बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्याच कारणाने वरचा मजला आम्ही पाहिलाच नाही. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि सासूबाईंना जिनाही नको होता.

महाबळ भागातली एक जुनी वसाहत आम्हाला पटली ती घरामुळे नव्हे, तर सकाळी सात वाजता तिथल्या गच्चीवर पाहिलेल्या कामामुळे. चार-पाच घरच्या बायका एकत्र बसून ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालत होत्या आणि खाली कडुलिंबाच्या झाडाला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका अजून बांधलेला होता. मी वर जाऊन चौकशी केली, तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या काकूंनी टाकी, भाजीची गाडी, रात्रीचे दिवे, मोकाट कुत्री यांची माहिती एजंटाने दिली नव्हती इतक्या मोकळेपणाने दिली. ‘टाकी मोठी पाह्यजे बरं ताई, उन्हाळ्यात निम्मं पाणी कूलरच पितो,’ हे वाक्य त्यांचेच. एकमेकींच्या गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या बायका एकमेकींच्या मुलांवरही लक्ष ठेवतात, असा अंदाज मी केला आणि तो पुढे खरा निघाला.

त्या वसाहतीची खुली जागाही आम्ही मुद्दाम संध्याकाळी जाऊन पाहिली. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते, पण ही जागा कागदावर असणे आणि वापरात असणे यात फरक पडतो. काही ठिकाणी तिच्यावर काटेरी झुडपे आणि बांधकामाचा राडारोडा असतो. येथे एका कोपऱ्यात लहान मंदिर, दोन बाक आणि उरलेल्या जागेत क्रिकेट होते. सासूबाईंना बसायला बाक मिळाले आणि आमच्या मुलाला पहिल्याच दिवशी क्षेत्ररक्षणाला उभे करण्यात आले.

घर तळमजल्याचे, जुने आणि पश्चिमेकडच्या खोलीत दुपारी तापणारे आहे. ती खोली आम्ही सामानासाठी ठेवली. घरमालक काकांना अकरा महिन्यांचा करार केवळ नोटरी करून हवा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगितल्यावर नोंदणीचा आग्रह त्यांनीच धरला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचे कामही त्याच आठवड्यात झाले.

हाच नोंदणीकृत करार गॅस जोडणीला आणि आधारवरील पत्ता बदलायला उपयोगी पडला. पुढे आमच्या शाखेतील शिपाई दादांना मुलाला शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांमधून प्रवेश हवा होता, तेव्हा मी त्यांना आमच्या कराराची प्रत नमुन्यासाठी दिली. त्या प्रवेशात शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य असते आणि त्यानंतर एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा विचार होतो. भाड्याने राहणाऱ्याला राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार द्यावा लागतो. त्यांनी आधी शाळा हेरली, नकाशावर अंतर मोजून पिंप्राळ्यात खोली घेतली, करार नोंदवला आणि मगच अर्ज भरला.