खिडकी बदलायची तर आधी परवानगी

जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग या गावाच्या जुन्या भागात स्वतःच्या घराची खिडकी बदलायची असेल, तरी आधी वास्तुसंरक्षण खात्याची परवानगी काढावी लागते. चौकट लाकडाचीच, तावदानांची विभागणी पूर्वीसारखीच, रंगसुद्धा विचारून. एका गल्लीत घराच्या भिंतीला माती लावत उभ्या असलेल्या आजोबांनी हे सांगितलं, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. नवऱ्याशी त्यावर वाद घालून झाला, आईशी तर रोजच चाललाय, म्हणून आता इथे लिहिते.

आई सध्या आमच्याकडे माग्देबुर्गला आली आहे. बर्लिन, ड्रेस्डेन दाखवून झालं. तिला आता मोठ्या शहरांचा कंटाळा आला होता. मग शनिवारी सकाळी पोळीभाजीचा डबा घेतला, राज्यभर दिवसभर चालणारं एकच तिकीट काढलं आणि हाल्बरश्टाटवरून थालेला जाणारी गाडी पकडली. सव्वा-दीड तासात पोचलो. इथल्या मराठी मंडळींना जुनं जर्मन गाव कुठलं पाहावं असं विचारलं की सगळे रोथेनबुर्गचं नाव घेतात. क्वेडलिनबुर्ग कुणी सांगत नाही. हार्ट्झ डोंगरांच्या पायथ्याशी, बोडं नदीच्या काठी, चोवीस हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. लाकडी सांगाड्याची दोन हजारांहून जास्त जुनी घरं इथे एकाच गावात उभी आहेत आणि 1994 पासून गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

आम्ही राहतो ते माग्देबुर्ग 16 जानेवारी 1945 च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालं. त्यामुळे माझ्या रोजच्या रस्त्यावर जुनं घर म्हणजे दोन काँक्रीटच्या इमारतींमध्ये चुकून राहिलेलं एखादं. इथे मात्र गल्लीमागून गल्ली, एकही सरळ रेषा नसलेली घरं एकमेकांना खांदा लावून उभी. वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला. तुळयांची बाहेर आलेली टोकं पिरॅमिडसारखी तासलेली, आडव्या लाकडावर कोरलेलं बांधल्याचं साल, कुठे बायबलातली ओळ. आईने साडीवर स्पोर्ट्स शूज घातले होते. गोट्या-दगडांच्या त्या रस्त्यावर ती माझ्यापेक्षा भरभर चालत होती आणि प्रत्येक घरापाशी मान वर करून थांबत होती.

ते आजोबा भेटले ते बाजारचौकाच्या मागच्या बाजूला. घराच्या एका चौकटीतला गिलावा काढून टाकला होता आणि आतला सांगाडा उघडा पडला होता: दोन उभ्या खांबांच्या मध्ये काठ्या बसवलेल्या, त्यांच्याभोवती फांद्या विणलेल्या, आणि त्यावर ते गवताचा भुसा घातलेली ओली माती हाताने दाबत होते. आई थबकलीच. "अगं, हा तर कूड आहे," म्हणाली. तिच्या आजोळी, कोकणात, स्वयंपाकघराची भिंत अशीच होती. मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, की माझ्या आईला हे काम माहीत आहे. त्यांनी लगेच मातीचा गोळा तिच्यासमोर धरला. आईने तो बोटांनी चुरडून पाहिला आणि "भुसा थोडा कमी पडलाय, सांग त्यांना" असं म्हणाली. मी सांगितलं. ते हसले नाहीत. गंभीरपणे मान डोलवून त्यांनी बादलीत आणखी मूठभर भुसा टाकला.

मग त्यांनी आम्हाला आतून जिना दाखवला आणि जिन्याजवळचा एक खांब. खांबावर छिन्नीने रेघा मारल्या होत्या, रोमन आकड्यांसारख्या. पूर्वी सुतार सगळा सांगाडा आधी मोकळ्या जागेत जुळवून बघायचे, प्रत्येक लाकडावर असा आकडा कोरायचे, मग सुटा करून जागेवर आणून आकड्याला आकडा लावून उभा करायचे. लोखंडी खिळा नाही, लाकडाची खुंटी. मी खांबावरून हात फिरवला. रेघा अजून बोटाला लागतात.

खिडकीचं बोलणं तिथेच निघालं. त्यांना प्लास्टिकच्या चौकटीची दुहेरी काच हवी होती, स्वस्त आणि ऊबदार. परवानगी मिळाली नाही. बरंच भांडले. शेवटी सुताराकडून ओकच्या लाकडाची करून घ्यावी लागली. "आता बरं वाटत असेल ना?" मी विचारलं. म्हणाले, "बाहेरून बघताना वाटतं. जानेवारीत आत बसल्यावर नाही."

घरी आल्यावर मी या कायद्याचं सगळं वाचून काढलं, कारण फक्त सक्तीवर दोन हजार घरं टिकत नाहीत हे मला कळत होतं. संरक्षित घर दुरुस्त करून मालक त्यात स्वतः राहत असेल, तर दुरुस्तीच्या मान्य खर्चातले दरवर्षी 9 टक्के असे दहा वर्षं, म्हणजे एकूण 90 टक्के, तो आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करू शकतो. घर भाड्याने दिलं असेल तर बारा वर्षांत सगळाच खर्च वजा होतो. मुख्य अट अशी, की काम सुरू करण्याआधी खात्याशी बोलून मान्यता घ्यायची. 1990 नंतर त्यावर सरकारी अनुदानंही आली. शिवाय काम करणारे हात तयार करायची सोय आहे. 1999 मध्ये याच गावात तरुणांसाठी एक उपक्रम सुरू झाला, 16 ते 26 वयाची मुलं वर्षभर येऊन जुन्या इमारतींवर काम शिकतात. नंतर तसेच गट जर्मनीत इतर ठिकाणीही झाले. म्हणजे खिडकी बदलू नको म्हणणारं सरकार खिडकीचा खर्चही वाटून घेतं आणि ती बनवणारा सुतारही घडवतं. मला या गोष्टीचं फार म्हणजे फार कौतुक वाटलं.

आणि म्हणूनच आईशी वाद झाला. परतीच्या गाडीत मी सहज म्हणून गेले, की पारनाक्यावरचा आपला वाडा असा टिकला असता तर. आईचं माहेर कल्याणचं. ओटी, माजघर, माडी, डोक्यावर सागवानी कडीपाट, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा. मी तिथे उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या आहेत. मामांनी तो बिल्डरला दिला आणि आता तिथे सात मजली इमारत आहे. आई चिडली. म्हणाली, "तुला काय माहीत तुझ्या मामाने काय काय सोसलं ते."

तिचं बरोबर आहे आणि हे मला इथे नीट मांडायचंय, कारण परदेशातून लिहिणारे आम्ही लोक फार लवकर आपल्याकडच्यांना नावं ठेवतो. वाड्यात पाच भाडेकरू होते. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली, पुढे अर्धशतक त्यात नावापुरता फरक पडला. त्या भाड्यात कौलं शाकारायचे पैसेसुद्धा निघत नसत. चार भावांचा हिस्सा, आत्यांच्या सह्या, पावसाळ्यात दरवर्षी एक तरी भिंत फुगलेली. नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, पण दुरुस्तीला पैसे मिळतील अशी नोटीस कधी आली नाही. आमच्या ओळखीत एकाही वाडेवाल्याला अशी मदत मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मामाने काय करायचं होतं? आणि कल्याण-डोंबिवलीत 2011 च्या जनगणनेत 12 लाखांवर माणसं होती. त्यांना राहायला घरं हवीत. चोवीस हजारांच्या गावाने दुमजली राहणं आणि कल्याणने दुमजली राहणं यात फरक आहे.

शिवाय क्वेडलिनबुर्ग टिकलं ते सगळं जर्मन शिस्तीने, असंही नाही. युद्धात इथे फारसे बॉम्ब पडले नाहीत. नंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीने 1960 च्या दशकात जुना गाव पाडून नवा समाजवादी चौक उभारायचा बेत केला होता. तो बारगळला, कारण पैसेच नव्हते. तरीही पुढे काही गल्ल्या पाडल्याच. बर्लिनची भिंत पडली तेव्हा शेकडो घरं मोडकळीला आलेली होती, तरुण माणसं पश्चिमेकडे निघून गेली होती. म्हणजे आधी गरिबीने वाचवलं आणि मग श्रीमंत सरकारने दुरुस्त केलं. आमच्या वाड्यांच्या नशिबी गरिबी आली, ती जागेचे भाव वाढेपर्यंत. पुढचा भाग आलाच नाही.

हे सगळं खरं असूनही मला त्या नियमाचा हेवा वाटतो, हेही खरं.

त्या दिवशी दुपारी आम्ही राजवाड्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये गेलो होतो. 919 मध्ये जर्मनीचा राजा झालेला हाइनरिश पहिला इथे पुरला गेला, 936 मध्ये. त्याची विधवा माटिल्डं हिच्या आग्रहावरून मुलगा ओटो याने त्याच वर्षी इथे उच्चकुलीन स्त्रियांचा मठ स्थापन केला. त्या मठाच्या प्रमुख बायकांनी या गावावर साडेआठशेहून जास्त वर्षं, थेट नेपोलियनच्या काळापर्यंत सत्ता चालवली. पहिली प्रमुख, ओटोची मुलगी, तिचंही नाव माटिल्डं. सम्राट भाचा इटलीत असताना 997 पासून तिने त्याच्या वतीने जर्मनीचा कारभार पाहिला. आणि या बायका काही मवाळ नव्हत्या. 1477 मध्ये गावकऱ्यांनी स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा प्रमुख हेडविगने सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या आपल्या भावांचं सैन्य बोलावून बंड मोडलं आणि बाजारातला रोलांडचा पुतळा, गावाच्या हक्कांची खूण, पाडून टाकला. तो पुन्हा उभा राहिला 1869 मध्ये. आज नगरपालिकेच्या भिंतीला टेकून उभा आहे.

चर्चमधला एक भाग मला जड गेला. नाझींच्या एसएस या संघटनेचा प्रमुख हिमलर, त्याला हाइनरिश राजाचं वेड होतं. एसएसने 1936 मध्ये इथे राजाच्या हजाराव्या पुण्यतिथीचा सोहळा केला, पुढे चर्च भाविकांकडून काढून घेतलं, राजाची हाडं सापडली असा देखावाही केला. गावाने हे लपवलेलं नाही, पाहायला येणाऱ्यांना सांगतात. वारशाच्या अभिमानाचं असंही होऊ शकतं, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

खाली उतरून नव्या गावात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातल्या नव्या गावात, मला एका घरापुढे उभं राहायचं होतं. डोरोथेआ एर्क्सलेबेन इथे 1715 मध्ये जन्मली. वडील डॉक्टर, त्यांनी भावाबरोबर तिलाही शिकवलं. 1742 मध्ये तिने बायकांना शिक्षणापासून कोण आणि का अडवतं यावर पुस्तक छापलं. पाच मुलं असलेल्या विधुर पाद्र्याशी लग्न केलं, तिला आणखी चार मुलं झाली, आणि घर सांभाळून ती रोगी तपासत राहिली. गावातल्या डॉक्टरांनी तिच्यावर भोंदूगिरीची तक्रार केली. तेव्हा तिने हाले विद्यापीठात परीक्षा दिली आणि 1754 मध्ये ती वैद्यकातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली जर्मन स्त्री ठरली. त्यानंतर जर्मनीत बायकांना डॉक्टरकीची सरकारी परीक्षा देता येईपर्यंत 1899 उजाडलं. म्हणजे आमच्या कल्याणची आनंदीबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. झाली, तेव्हा डोरोथेआच्या स्वतःच्या देशात मुलींना ते दार बंद होतं. हे मी आईला त्या घरासमोर सांगितलं, तसं तिने शेजारून जाणाऱ्या दोन बायकांनाही सांगायला लावलं. त्यांना आनंदीबाई माहीत नव्हती. मी थांबून सगळं सांगितलं, त्यांनीही शांतपणे ऐकलं आणि नाव लिहून घेतलं.

आईने गाडीतला राग रात्रीपर्यंत धरला. जेवताना म्हणाली, "मामाला फोटो पाठव. पण त्या कुडाचे पाठव, राजवाड्याचे नको." पाठवले. मामाचा लगेच फोन आला. पाऊण तास तो आणि आई बोलत होते: माजघराची तुळई कुणी आणली होती, कुठल्या सुताराने बसवली होती, बिल्डरने ते सागवान कुठे विकलं.

कुणाला जायचं असेल तर माझं सांगणं: वोर्डगासं गल्लीतलं चौदाव्या शतकातलं घर, जिथे आता लाकडी सांगाड्यांचं संग्रहालय आहे, ते आधी पाहा. मग गावातली बाकीची घरं वाचता येतात. वेळ उरला तर समोरच्या म्युन्त्सेनबेर्ग टेकडीवर चढा. तिथे जुन्या मठाच्या अवशेषांतच गरीब कारागिरांनी घरं बांधली होती आणि लोक आजही त्यात राहतात. डिसेंबरात, ख्रिसमसच्या आधीच्या काही शनिवार-रविवारी, एरवी बंद असलेली घरांची अंगणं लोकांसाठी उघडतात. तेव्हा खूप गर्दी असते म्हणे. आई तोवर कल्याणला परत गेलेली असेल, पण मी जाणार आहे. आजोबांनी पत्ता लिहून दिलाय आणि भिंत वाळल्यावर दाखवतो म्हणालेत.