रंग केंद्रकाबाहेर

बोनमॅरोची ती बायोप्सी माझ्याकडे आली तेव्हा अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे एका वेगवान रक्तकर्करोगाचं, निदान झालेलं होतं. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचं चित्र, मात्र नॉर्मल. अशा वेळी एनपीएम१ जनुक आधी तपासावं लागतं, म्हणून त्या जनुकाचं प्रथिन न्यूक्लिओफॉस्मिन, त्याचा इम्युनो लावला: अँटिबॉडीने ते प्रथिन तपकिरी रंगवणारी चाचणी.

हे २९४ अमिनो आम्लांचं प्रथिन. प्रथिनं बनवणारे रायबोसोम जिथे जुळतात त्या केंद्रकातल्या न्यूक्लिओलसमध्ये त्याचा मुक्काम. पेशीद्रव्यात त्याची ये-जा चालते, पण निरोगी पेशीत तपकिरी रंग केंद्रकातच दिसतो.

स्लाइड लावली आणि थबकले. ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी, काठोकाठ तपकिरी! पहिला संशय रंगावरच गेला. हाडातलं कॅल्शियम काढताना आम्ल जास्त लागलं, की अँटिबॉडी दाट पडली? मग चाळीसच्या लेन्सखाली एक बारीक रक्तवाहिनी सापडली. तिच्या भिंतीतल्या चपट्या पेशींची फक्त केंद्रकं तपकिरी, भोवताल स्वच्छ. म्हणजे रंग चोख होता.

तरी मन भरेना. घाईने लिहिलेला रिपोर्ट रुग्णाला भोवतो, हे मी कधी विसरत नाही. त्याच तुकड्याचा पुढचा काप घेऊन न्यूक्लिओलिनचा रंग लावला. तेही न्यूक्लिओलसमधलंच प्रथिन. त्याच ब्लास्टमध्ये ते केंद्रकातच होतं. केंद्रक फुटलेलं नव्हतं. एकटं न्यूक्लिओफॉस्मिन बाहेर पडलं होतं.

ते का, हे २००५ साली इटलीतल्या फालिनी यांच्या गटाने दाखवलं. जनुकाच्या शेवटच्या भागात बहुधा डीएनएची चारच अक्षरं जादा घुसतात आणि पुढचं सगळं वाचन सरकतं. प्रथिनाला न्यूक्लिओलसमध्ये धरून ठेवणारी ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं शेपटातून जातात, त्यांच्या जागी बाहेर नेण्याचा संकेत तयार होतो आणि एक्सपोर्टिन-१ हे वाहक प्रथिन त्याला उचलून पेशीद्रव्यात सोडतं. दुसऱ्या, निरोगी प्रतीचं प्रथिनही त्याच्याशी जोडी जमवून सोबत ओढलं जातं. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न एफएलटी३ या दुसऱ्या जनुकाचा विचारला, तोही रास्तच. त्यात आयटीडी, म्हणजे जनुकाचा एक तुकडा दुप्पट होण्याचा बदल, नसेल तर या रुग्णांचा आजार केमोथेरपीला बऱ्यापैकी दाद देतो. शिवाय हाच बदल पुढे पीसीआर या जनुकीय चाचणीने शोधत राहून उरलेला आजार मोजता येतो.

काही दिवसांनी सिक्वेन्सिंग आलं. एफएलटी३ स्वच्छ. एनपीएम१मध्ये टीसीटीजी, चार अक्षरं जादा.